सरकारी सोशल मीडिया खात्यांचा चार्ज : द्यायचा कसा, घ्यायचा कसा

प्रश्न असा आहे : नाशिकसारख्या शहरात महापौरांची मुदत अडीच वर्षांची आणि आयुक्तांची बदली कधीही होऊ शकते. पदाच्या नावाने चालणारी फेसबुक पेजेस, एक्स आणि इन्स्टाग्रामची खाती, व्हॉट्सॲप चॅनेल यांचे अशा वेळी काय करावे? नव्यांनी नवे खाते काढावे की जुनेच चालवावे? जुन्या पोस्ट काढून टाकाव्यात का? आणि पासवर्ड जुन्या माणसांकडेच राहिला तर?

आधी थेट उत्तर. संस्थेचे किंवा पदाचे खाते बंद करायचे नाही, पुसायचे नाही आणि त्याच्या शेजारी दुसरे उभे करायचे नाही. शिक्के, तिजोरीच्या किल्ल्या आणि नस्त्या यांचा चार्ज जसा लेखी देतात-घेतात, तसाच याचाही द्यायचा-घ्यायचा. यातले बहुतेक काम बदलीच्या आधी, सगळे शांत असताना करून ठेवावे लागते. ऑर्डर निघाल्यावर जुने साहेब दुसऱ्या दिवशी कार्यमुक्त होतात आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्यांच्याबरोबर जातो.

पहिली पायरी म्हणजे खात्यांची वर्गवारी. संस्थेचे खाते (महापालिका, जिल्हा परिषद, पोलीस आयुक्तालय), पदाचे खाते (महापौर, आयुक्त, जिल्हाधिकारी) आणि व्यक्तीचे स्वतःचे खाते. पहिली दोन सरकारची, तिसरे त्या माणसाचे. वाद होतो तो सरकारी कामाच्या घोषणा तिसऱ्यावर टाकायची सवय लागली की. पाणीपुरवठा बंदची सूचना व्यक्तीच्या खात्यावर सर्वांत आधी येते, लोक तिथेच जमतात आणि पद गेले की हजारो फॉलोअर त्या व्यक्तीबरोबर निघून जातात. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ च्या शासन निर्णयात कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितले आहे. पण तो सेवेतल्या लोकांसाठी आहे. महापौर, सभापती, सरपंच हे निवडून आलेले असतात, त्यांना सेवानियम लागू नाहीत. म्हणून त्यांच्या पदनामाच्या खात्यांसाठी संस्थेने स्वतंत्र कार्यालयीन आदेश काढून ठेवावा : खात्याची मालकी संस्थेची, पदावरची व्यक्ती फक्त मुदतीपुरती वापरकर्ती.

एखादी पोस्ट सरकारी की खासगी, हे ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लावलेली कसोटी उपयोगी पडते. मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या व्यवस्थापकाने स्वतःच्या फेसबुक पेजवर एका नागरिकाला ब्लॉक केले होते. न्यायालयाने दोन गोष्टी तपासायला सांगितल्या : त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार खरोखर होता का आणि त्या पोस्टमध्ये तो तो अधिकार वापरत होता का. हा निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण खात्यांची यादी करताना हेच दोन प्रश्न विचारले की सरमिसळ लगेच दिसते.

आता नवे खाते की जुने. इथे दोन नमुने समोर आहेत. मे २०१४ मध्ये केंद्रात सत्तांतर होताना पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर (आताचे एक्स) खात्याचे नाव बदलून ते अर्काइव्ह म्हणून बाजूला ठेवले गेले. बारा लाखांहून अधिक फॉलोअर होते. हँडल (@ लावून लिहितात ते खात्याचे नाव) कुणाचे, फॉलोअर कुणाचे, यावरून मोठा वाद झाला. अमेरिकेत २०१७ मध्ये ओबामांच्या पोस्ट ‘पोटस ४४’ या वेगळ्या खात्यात जतन केल्या आणि अध्यक्षपदाचे हँडल फॉलोअरांसह पुढच्या अध्यक्षांकडे गेले. २०२१ मध्ये मात्र ट्विटरने फॉलोअर आपोआप दिले नाहीत. म्हणजे एकाच देशात, एकाच पदासाठी, चार वर्षांत पद्धत बदलली. नियम आधी लिहिलेला नसेल तर निर्णय कंपनी घेते, हे यातून ध्यानात घ्यावे.

माझे मत स्पष्ट आहे. राष्ट्राध्यक्षाच्या खात्यासाठी वेगळे अर्काइव्ह ठीक, महापालिकेसाठी नाही. नाशिकरोडच्या किंवा सातपूरच्या माणसाने पेज फॉलो केलेले असते ते पाणी कधी येणार, घंटागाडी का आली नाही आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटला हे कळावे म्हणून. त्याला दर अडीच वर्षांनी नवीन पेज शोधायला लावणे म्हणजे पुराच्या दिवशी त्याला अंधारात ठेवणे. संस्थेचे खाते अखंड चालावे. पदाचे खातेही तेच राहावे आणि बदलाच्या दिवशी एक साधी पोस्ट टाकून पिन करावी : अमुक तारखेपासून या पदाचा कार्यभार अमुक यांच्याकडे, याआधीच्या पोस्ट आधीच्या कार्यकाळातील आहेत. एवढ्या दोन ओळींनी नव्वदच्या जागी पाच खुलासे करावे लागतात.

खात्याच्या नावात आणि हँडलमध्ये व्यक्तीचे नाव, आडनाव, वर्ष किंवा घोषवाक्य अजिबात नको. नंतर नाव बदलू म्हटले तर अडचणी येतात. पेजचा विषयच बदलतो असे वाटणारा बदल फेसबुक नाकारू शकते. एक्सवर हँडल बदलता येते, फॉलोअरही राहतात, पण जुने हँडल त्या क्षणी मोकळे होते आणि कुणीही ते उचलू शकतो. जुन्या बातम्यांतल्या, फलकांवरच्या सगळ्या लिंक मग त्या अनोळखी माणसाकडे जातात. नाव बदलावेच लागले तर दुसरे खाते तयार ठेवून, बदल होताच जुने हँडल त्या खात्यावर घ्यावे आणि तिथे नव्याचा पत्ता देऊन ठेवावा. निळी किंवा करडी टिक असेल तर नाव बदलल्यावर ती तात्पुरती जाऊ शकते, हेही गृहीत धरावे.

खात्यावर खरा ताबा पासवर्डने येत नाही. खाते एका ईमेलला बांधलेले असते, ईमेल एका रिकव्हरी नंबरला, नंबर एका सिमला आणि सिम कुणाच्या तरी आधारला. ही साखळी शेवटपर्यंत तपासावी. तपासायची रीत सोपी : लॉगिनच्या पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबावे. कोड कुठे जाणार त्या ईमेलची पहिली अक्षरे आणि मोबाइलचे शेवटचे आकडे दिसतात. कार्यालयात कुणालाच ते आकडे ओळखीचे नसतील, तर खाते आपल्या ताब्यात नाही, मग पासवर्ड माहीत असो वा नसो. ही तपासणी दर सहा महिन्यांनी करावी.

ईमेल पदनामाचा आणि सरकारी डोमेनवरचा असावा. एनआयसीच्या (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) व्यवस्थेत नावाचा आणि पदनामाचा असे दोन्ही प्रकारचे ईमेल मिळतात. सोशल मीडियासाठी पदनामाचाच वापरावा, कारण तो बदलीनंतर पुढच्या अधिकाऱ्याकडे जातो. ऑपरेटरने काढलेला जीमेल चालणार नाही. सिम कार्यालयाच्या नावाने, बिल लेखा विभागातून जाणारे. कुणाच्या तरी खासगी प्रीपेड सिमवर पेज उभे असेल तर रिचार्ज चुकल्यावर नंबर बंद होतो आणि कायमचा बंद झाल्यापासून ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. त्या ग्राहकाला व्हॉट्सॲप सुरू करताना आपल्या कार्यालयाचेच ग्रुप येऊ शकतात.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड) एसएमएसवर ठेवू नये. एक्सने मार्च २०२३ पासून ती सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवली आहे, आणि तसेही एसएमएस म्हणजे परत एका सिमवर भिस्त. ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारे) वापरावे आणि सुरुवातीचा क्यूआर कोड एकाच बैठकीत दोन फोनवर स्कॅन करावा : एक जनसंपर्क कक्षाचा, एक संगणक विभागाचा. नंतर तो कोड पुन्हा दिसत नाही, म्हणून हे त्याच वेळी उरकावे. बॅकअप कोड (फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिनसाठी चालणारे) छापून, लिफाफा सील करून, आवक-जावक क्रमांक टाकून तिजोरीत ठेवावा. एखादा कोड वापरला की नवा संच काढून लिफाफा बदलावा. फोनमध्ये काढलेला बॅकअप कोडचा फोटो हा लिफाफा नव्हे.

फेसबुकवर सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून थोडे सविस्तर. पेज चालवायला खऱ्या व्यक्तीचे प्रोफाइल लागते. ‘मनपा ॲडमिन’ अशा बनावट नावाचे प्रोफाइल काढून त्यावर पेज ठेवले की कधीतरी मेटा (फेसबुकची कंपनी) ओळखपत्र मागते, ते देता येत नाही, प्रोफाइल लॉक होते आणि पेज अडकते. योग्य मार्ग असा : संस्थेच्या नावाने मेटा बिझनेस पोर्टफोलिओ काढावा, पेज आणि इन्स्टाग्राम खाते त्याच्या मालकीत घ्यावे आणि पूर्ण नियंत्रण किमान तिघांना द्यावे. जनसंपर्क अधिकारी, संगणक विभागप्रमुख आणि एक उपायुक्त, म्हणजे तिघांची बदली एकदम होण्याची शक्यता कमी. पोस्ट करणाऱ्यांना फक्त कामापुरती परवानगी. एजन्सी असेल तर तिला भागीदार म्हणून जोडावे, मालक म्हणून नाही. निविदेत आणि कार्यादेशात एक कलम हवे : खाती, मजकूर, मूळ डिझाइन फाइल्स, जाहिरात खाते आणि आकडेवारी संस्थेची, कंत्राट संपण्याच्या १५ दिवस आधी सगळे सुपूर्द, आणि त्याशिवाय अंतिम बिल नाही. शेवटचे वाक्य नसेल तर बाकीचे कलम फक्त कागदावर राहते.

क्रमही महत्त्वाचा. आधी नव्याला जोडायचे, मग थांबायचे, मग जुन्याला काढायचे. नव्याने ॲडमिन झालेल्या व्यक्तीला मेटावर जुन्या ॲडमिनला काढण्यासाठी बहुधा सात दिवस वाट पाहावी लागते. यूट्यूबच्या ब्रँड खात्यावरही मालक होऊन सात दिवस झाल्याशिवाय मुख्य मालकी घेता येत नाही. टेलिग्राम चॅनेलची मालकी द्यायला टू-स्टेप सुरू करून सात दिवस झालेले असावे लागतात. म्हणजे बदलीची ऑर्डर हातात आल्यावर सुरुवात केली तर तांत्रिकदृष्ट्याच उशीर झालेला असतो. निवडणुकीच्या बाबतीत तारीख आधी कळते, तिथे तर सबब नाही. महिनाभर आधी यादी, दहा दिवस आधी नवे ॲडमिन, असा हिशेब ठेवावा.

व्हॉट्सॲपचे वेगळे. चॅनेलची मालकी ॲडमिनला देता येते. पण साध्या ग्रुपमध्ये ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा ॲडमिन काढू शकत नाही. प्रभागाचा ग्रुप नगरसेवकाच्या कार्यकर्त्याने काढला असेल तर तो कायम त्याचाच. सरकारी ग्रुप पहिल्यापासून कार्यालयाच्या नंबरवरून काढावा. तसे झाले नसेल तर भांडत बसू नये, नवा ग्रुप काढून जुन्यात आठवडाभर आमंत्रणाची लिंक द्यावी.

मग बदलाच्या दिवशी काय काय तपासायचे? प्रोफाइल फोटो, कव्हर, परिचय हे सगळ्यांना आठवते. विसरतात ते दिसत नाही ते. आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट : नवे महापौर शपथ घेऊन बसलेत आणि दुपारी चारला जुन्या महापौरांच्या फोटोसह शुभेच्छा आपोआप प्रसिद्ध होतात. मेसेंजरचे आपोआप जाणारे उत्तर, ज्यात जुन्या स्वीय सहायकाचा मोबाइल असतो. सुरू असलेल्या जाहिराती, ज्या एजन्सीच्या कार्डवरून कापल्या जातात. जोडलेली बाहेरची ॲप्स, कारण पासवर्ड बदलला तरी काही ॲप्सची परवानगी तशीच राहते, ती वेगळी रद्द करावी लागते. गुगल मॅपवरची सहा विभागीय कार्यालयांची नोंद आणि तिची मालकी. शेवटी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’.

आणखी दोन याद्या हमखास राहतात. एक ब्लॉक केलेल्या लोकांची. नवे प्रशासन ती वारसा म्हणून घेते आणि नागरिकाला वाटते की नव्यांनीच तोंड बंद केले. यादी काढून, शिवीगाळ व धमकी सोडून बाकीच्यांना मोकळे करावे. दुसरी, कमेंटमध्ये आपोआप लपवल्या जाणाऱ्या शब्दांची. तिथे कुणीतरी ‘खड्डा’ किंवा ‘टक्केवारी’ असा शब्द घालून ठेवला असेल तर तक्रारी लिहिल्या जातात, लिहिणाऱ्याला दिसतात, बाकी कुणालाच दिसत नाहीत. ही यादी उघडून वाचल्याशिवाय चार्ज घेऊ नये.

जुन्या पोस्ट काढण्याबद्दल : काढू नयेत. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर आणि प्रसिद्धिपत्रके येतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ राज्यातल्या सार्वजनिक अभिलेखांना लागू आहे. सरकारी खात्यावरची पोस्ट हा अभिलेख समजूनच वागावे. चुकीची सूचना गेली असेल तर दुरुस्तीची पोस्ट टाकावी आणि जुन्या पोस्टखाली तिची लिंक द्यावी. पक्षप्रचाराची पोस्ट सरकारी पेजवर सापडली तर आधी जतन, मग लेखी आदेशाने लपवणे, आणि आदेश नस्तीला. आचारसंहितेच्या काळात अधिकृत संकेतस्थळांवरील मंत्र्यांची आणि राजकीय पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे हटवण्याचे निर्देश असतात. कव्हर आणि प्रोफाइल फोटो त्यानुसार बदलावेत, जुन्या पोस्टचे काय हे निवडणूक शाखेकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर काहीही पुसू नये.

जतन करायचे ते खात्याच्या आतून. एक्सचे अर्काइव्ह मागितल्यावर तयार व्हायला २४ तास किंवा जास्त लागतात. फेसबुक पेजची माहिती डाउनलोड होते, यूट्यूबसाठी गुगल टेकआउट आहे. व्हॉट्सॲपवरून चॅट निर्यात करताना माध्यमांशिवाय सुमारे ४०,००० आणि फोटो-व्हिडिओसह १०,००० संदेशच मिळतात, म्हणून गजबजलेल्या तक्रार-क्रमांकाचे जतन दर महिन्याला करावे. फाइलींचा हॅश (फाइल नंतर बदलली का हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) काढून नोंदवावा, दोन डिस्कवर प्रती ठेवाव्यात, एक अभिलेख कक्षात. या फाइलींमध्ये डीएम (खासगी संदेश) असतात, आणि डीएममध्ये लोकांनी पाठवलेले आधारचे फोटो, पत्ते, आजाराचे कागद असतात. ही प्रत जाणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘आठवण म्हणून’ पेनड्राइव्हवर देणे म्हणजे नागरिकांची खासगी माहिती बाहेर देणे. त्यांना सार्वजनिक पोस्टचे फोटो-व्हिडिओ जरूर द्यावेत, इनबॉक्स नाही. उलट, इनबॉक्समधल्या प्रलंबित तक्रारी तारखेसह यादीत उतरवून नव्याकडे द्याव्यात. खड्ड्याची तक्रार साहेब बदलले म्हणून मिटत नाही.

हस्तांतरण यादीत प्रत्येक खात्यासाठी हँडल, लिंक, प्लॅटफॉर्मचा अंकी आयडी, त्या दिवशीचे फॉलोअर, ईमेल, सिम क्रमांक, टू-स्टेपचा प्रकार, सर्व ॲडमिनची नावे आणि जोडलेली ॲप्स लिहावीत. अंकी आयडी यासाठी की हँडल बदलले तरी तो बदलत नाही. पासवर्ड यादीत लिहू नये. तो घेणाऱ्याने देणाऱ्यासमोर बदलावा आणि दोघांसह संगणक विभागाची तिसरी सही घ्यावी.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये बदल झाला तर संस्थेचे खाते एक तासही गोठवू नये. गंगापूरचा विसर्ग वाढला की रामकुंडावर पाणी चढते, तिथली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर शहर पूर मोजते आणि सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते फोनवर पाहून ठरवतात. आपत्तीच्या पोस्टचा अधिकार पदावरच्या व्यक्तीला नव्हे, आपत्ती व्यवस्थापन कक्षातल्या दोन नामनिर्देशित कर्मचाऱ्यांना कायम असावा. प्रत्येक सूचनेच्या चित्रातच तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरात छापावी, कारण गेल्या वर्षीचे चित्र या वर्षी फिरते आणि मजकूर वेगळा पडतो. सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. बनावट ‘अधिकृत’ खाती त्याआधी येणारच. पडताळणीची टिक, सर्व अधिकृत हँडलची एक यादी सरकारी संकेतस्थळावर आणि ती यादी बदलांसह अद्ययावत, एवढे २०२६ संपायच्या आत व्हायला हवे.

नाशिक महापालिकेत मार्च २०२२ नंतर जसा प्रशासकीय कारभार आला, तशा काळात महापौरपद रिक्त असते. पदाच्या खात्यावर तेव्हा ‘पद रिक्त, माहितीसाठी महापालिकेचे खाते पाहा’ असे लिहावे, पोस्ट थांबवाव्यात, पण महिन्यातून एकदा लॉगिन करावे. एक्स निष्क्रिय खाती काढू शकते आणि दर ३० दिवसांनी लॉगिन करायला सांगते.

जुन्यांनी ताबा दिलाच नाही तर प्रथम लेखी मागणी, मुदतीसह. सोबतच प्लॅटफॉर्मकडे अर्ज : लेटरहेडवरचे पत्र, नियुक्तीचा आदेश, सरकारी ईमेलवरून पाठवलेला. यासाठीच ईमेल सरकारी हवा, जीमेलवरून आलेला दावा उभा राहत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्या खात्यावरून पदाच्या नावाने पोस्ट सुरूच राहिल्या तर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ क आणि ६६ ड आहेत. दरम्यान घाईने दुसरे खाते काढण्याऐवजी सूचना संस्थेच्या खात्यावरून आणि जिल्हा माहिती कार्यालयामार्फत द्याव्यात.

ग्रामपंचायतीला एवढी यंत्रणा परवडणार नाही. तिथे चार गोष्टी पुरतात : ग्रामपंचायतीच्या नावाचे एक सिम, पदनामाचा एक ईमेल, कपाटात बॅकअप कोडचा लिफाफा आणि पेजवर सरपंचांशिवाय ग्रामपंचायत अधिकारी व संगणक परिचालक असे आणखी दोन ॲडमिन. सरपंच बदलले की पहिल्याच मासिक सभेत सिम, लिफाफा आणि ॲडमिनची नावे वाचून दाखवावीत व ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.